काच खोटं बोलत नाही

माणसाने आजवर ज्या वस्तू घडवल्या, त्यांत प्रामाणिक म्हणावी अशी एकच, ती म्हणजे काच. नाणं खोटं निघू शकतं, शब्द फिरवता येतो, कागदावर तर काहीही लिहिता येतं. काच मात्र पलीकडे जे असेल तेच दाखवते. हा विचार कारखान्याच्या संस्थापकांचा. त्याचं सार 'काच खोटं बोलत नाही' अशा शब्दांत त्यांनी एका फलकावर सोनेरी अक्षरांनी लिहवून घेतलं, फलक फाटकाशी लावला आणि धुळीपासून जपणूक व्हावी म्हणून त्याच्यावर एक काच बसवली. ती काच पुढे इतकी धुरकट झाली, की आत काय लिहिलंय हे फक्त जुन्या कामगारांना ठाऊक होतं, तेही पाठ होतं म्हणून. नव्यांची समजूत अशी, की आत संस्थापकांचा फोटो असावा.

शिवाय या कारखान्यात पलीकडचं दाखवणारी काच कधी झालीच नाही. इथे दुधी काच व्हायची. दिव्यांवर घालायचे गोळे आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डब्या. म्हणजे आतला दिवा डोळ्यांत खुपू नये आणि डबीत क्रीम किती उरलंय ते कळू नये, यासाठी लोक जी काच विकत घेतात ती.

काच दुधी होते ती दुधाने नव्हे. वाळू, सोडा वगैरेंच्या मिश्रणात सोडियम सिलिकोफ्लोराइड नावाचं एक मीठ घालतात. नाव पोत्यावर छापलेलं असे. कामगार त्याला नुसतं 'पांढरी' म्हणत. वाळू पांढरी, सोडाही पांढरा, पण पांढरी म्हटलं की हीच. दिसायला पिठासारखी, वास नाही, पाण्यात धड विरघळत नाही, हातात घेतली तर पिठापेक्षा जड. भट्टीत पडली की ती फुटते. तिच्यातलं काही काचेत राहतं आणि काच निवताना तिचे सूक्ष्म कण होऊन उजेड अडवतं. तेच ते दूध. उरलेलं वायू होऊन वर निघून जातं. वर कुठे जातं, याचा विचार करायला एक धुरांडं आणि त्याच्या तोंडाशी एक मोठा पंखा नेमलेला होता.

भट्टीत एका वेळी जाणाऱ्या मिश्रणाला तिथे घाणा म्हणत आणि तो वजन करून, कालवून, भट्टीच्या तोंडाशी उभं राहून आत लोटणाऱ्याला मास्तर. या मास्तरांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं, तरी घराशेजारच्यांनी त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई करून टाकलं होतं आणि तिनेही बिनपगारी बढती म्हणून ते चालवून घेतलं होतं.

मास्तरांना काचेचा अभिमान होता. साधासुधा नव्हे, घराण्याचा असावा तसा. घरात पाणी प्यायला काचेचे पेले, मीठ-मसाले काचेच्या बरण्यांत, आणि डोळ्यांवर काचेचाच चष्मा. चष्म्याच्या काचा आता बहुतेक प्लास्टिकच्या येतात हे त्यांना मान्य नव्हतं. कारखान्यात चष्मा लावणारे आणखीही होते, पण ते सगळे प्लास्टिकवाले. काचेचा चष्मा नाकावर वागवणारे मास्तर एकटे.

"हलका असतो, मामा. पडला तर फुटत नाही," जावई सांगत.

"बादलीसुद्धा पडली तर फुटत नाही, जावईबापू. म्हणून ती कुणी डोळ्याला लावतं का?"

हे जावई त्याच कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. रसायनशास्त्र शिकलेले, स्वभावाने भले, आणि वर्षातून एकदा 'भट्टीच्या शेडमधली हवा समाधानकारक' अशा मजकुराखाली सही करणारे. सासऱ्याच्या घरी जेवायला आले की त्यांच्यातलं कॉलेज जागं होई. पांढरीचे गुण सांगायला त्यांना फार आवडे.

"तुम्हाला वाटतं ही फक्त आपल्याकडेच, मामा? मोठ्या लाँड्रीत शेवटच्या पाण्यात ही घालतात. कपड्यात उरलेला सोडा मारते, चादरी पिवळ्या पडत नाहीत. तुम्ही टेकलाय त्या फोमच्या उशीत रबराचा फेस होता ना, तो साच्यात घट्ट करायला हीच. बाथटबवरच्या चकचकीत थरात ही. कुठे कुठे पिण्याच्या पाण्यात कणभर टाकतात, दात किडू नयेत म्हणून."

"आणि चमचाभर टाकली तर?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"तर दातांची काळजीच उरत नाही, मामी. झुरळं मारायलाही वापरायचे ना."

"एवढ्या गुणांचं स्थळ माझ्या धाकटीला आणा कुणीतरी," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि उशी नवऱ्याच्या पाठीमागून काढून बाजूला ठेवली.

मास्तरांचे डोळे बिघडायला लागले ते साधारण याच सुमाराला. बिघाडाची तऱ्हा मोठी चमत्कारिक होती. नवा चष्मा केला की एक-दोन महिने सगळं लख्ख. मग हळूहळू धुकं उतरे. दिव्याभोवती कडी दिसत, वजनकाट्याच्या तबकडीवरचे आकडे एकमेकांच्या अंगावर रेलत. मास्तर चष्मेवाल्याकडे जात. चष्मेवाला जुना चष्मा उजेडाला धरून बघे.

"तुम्ही हा पुसता कशानं? वाळूनं?"

"मऊ कापडानं पुसतो. आणि वाळूचं मला सांगू नका."

"काच घासली गेलीय ही."

"काच घासली जात नाही. तुम्ही नंबर बघा."

चष्मेवाल्याने दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा नंबर बघितला. गिऱ्हाईक स्वतःहून दर तीन-चार महिन्यांनी नवा चष्मा मागत असेल तर त्याच्याशी किती वाद घालायचा, यालाही मर्यादा असते.

काचेत दोष असेल हे मास्तरांच्या मनात येणं शक्य नव्हतं. आपले डोळे जातायत हे मानायला ते तयार झाले, पण काच जाते हे मानायला नाही. "टप्प्याटप्प्यानं उतरतायत," असं ते घरी सांगत. बायको संध्याकाळी चष्मा साबणाने धुऊन देई. तिलाही तो स्वच्छ झाल्यासारखा कधी वाटला नाही. पण भट्टीवरच्या माणसाची कुठली वस्तू स्वच्छ झाल्यासारखी वाटते?

शेवटी व्हायचं ते झालं. एका हॉटेलसाठी दिव्याच्या गोळ्यांचं मोठं काम चालू होतं. मास्तरांनी तबकडीवरचा आकडा वाचला, त्यांना दिसला तसा वाचला, आणि घाण्यात पांढरी जास्त पडली. गोळे निघाले ते दुधी नव्हे, नासल्यासारखे. रेघारेघांचे आणि इतके ठिसूळ, की पॅकिंगवाल्याने बोटाने टिचकी मारली तर टवका उडाला. सगळा लॉट भंगारात गेला. हॉटेलवाल्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं आणि वरच्या कार्यालयाने मॅनेजरला विचारलं, कारण काय?

मॅनेजरने मास्तरांना कारखान्याच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरचा दवाखाना शेडला लागूनच होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता.

"चष्मा लावा. वाचा."

मास्तरांनी वरची दोन अक्षरं वाचली आणि थांबले.

"पुढे?"

"पुढे काही लिहिलंय का?"

डॉक्टरांनी लिहिलं, वयोमानाने दोन्ही डोळ्यांची नजर मंदावली आहे, भट्टीच्या कामाला अयोग्य. मग माणुसकी म्हणून पुढच्या आठवड्यात बाहेरचे नेत्रतज्ज्ञ बोलावून पक्की तपासणी करायचं ठरलं. त्यात नापास झाले तर मास्तरांनी घरी बसायचं. काच करण्यापलीकडे मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं, आणि घरी बसण्याचा तर त्यांना अजिबातच अनुभव नव्हता.

त्या रविवारी मास्तरीणबाई शर्टाचं बटण लावत होत्या. सुईत दोरा जाईना. त्यांचा स्वतःचा चष्मा हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी नवऱ्याचा उचलून लावला.

"अहो, यातून मलापण काही दिसत नाही."

"मग तुझेही गेले," मास्तर पेपर नाकाला लावून म्हणाले. "एका घरात राहिल्यावर व्हायचंच."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. सुई दिसली. लावला. सुई गेली. असं त्यांनी बऱ्याचदा केलं. मग त्या चष्मा घेऊन न्हाणीघराच्या दारापाशी गेल्या. त्या दाराला वर दुधी काच होती, मास्तरांनीच कारखान्यातून आणलेली. त्यांनी चष्मा तिच्याशेजारी धरला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"काय करतेयस तिथे?"

"जावई आले की त्यांना विचारायचंय."

लेक-जावई दुपारी आले. मास्तरीणबाईंनी त्यांच्या हातात चष्मा दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरला, तिरपा केला, काचेवरून नख फिरवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेवर मेण लावून, त्यात आपलं नाव कोरून, वर आम्लाची वाफ सोडून ते नाव काचेत उतरवायचा एक प्रयोग असे. जावयांनी तो केला होता. ती नावाची पट्टी त्यांच्या टेबलावर अजून होती. त्यांनी ओळखायला अजिबात वेळ लावला नाही; बोलायला मात्र लावला.

"मामा, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"मग?"

"काच खाल्ली गेलीय. पांढरी भट्टीत फुटली की जो वायू निघतो ना, तो ओल लागली की आम्ल होतो. एरवी काचेला काही होत नाही, पण ते आम्ल काच खातं. तुम्ही भट्टीच्या तोंडाशी उभे असता. प्लास्टिकला ते काही करत नाही, म्हणून बाकीच्यांना कळलं नाही."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. पण त्यांचा चेहरा असा झाला, जणू भरवशाच्या माणसाबद्दल कुणी भलतंसलतं सांगितलंय.

"म्हणजे आपलीच पांढरी," ते म्हणाले, "आपलीच काच खाते."

"आणि काच खाणारं ते," मास्तरीणबाईंनी विचारलं, "यांच्या छातीत जाऊन काय करत असेल?"

"छाती काचेची नसते, मामी," जावई म्हणाले. त्या वायूनं हाडं आखडतात हेही त्यांनी वाचलेलं होतं. मास्तरांना सकाळी उठताना पलंगाची कड धरावी लागते हेही पाहिलेलं होतं. तो विषय त्यांनी काढला नाही. जावयांची बायको त्यांच्याकडे बघत राहिली, तेव्हा ते पुन्हा चष्म्याकडे बघायला लागले.

सोमवारी जावई शेडमध्ये गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिथल्या खिडक्या पाहिल्या. सगळी तावदानं दुधी होती. ती आतून हाताला खरखरीत लागत होती. या खिडक्यांबद्दल त्यांनी स्वतःच्या अहवालात एक वाक्य लिहिलेलं होतं आणि ते दर वर्षी जसंच्या तसं उतरवलं जाई: शेडला दुधी काचेची तावदानं बसवलेली असल्याने कामगारांना उन्हाची तिरीप लागत नाही. तसं वाटण्यात चूक काय होती? दुधी काचेचा कारखाना. तावदानंही दुधी असणारच. इतकी माणसं इतकी वर्षं त्या खिडक्यांखाली राबली, पण या काचा लावल्या तेव्हा पारदर्शक होत्या आणि वर्षानुवर्षं कणाकणानं खाल्ल्या गेल्या, अशी शंका कुणाला आली नाही. मिठाईच्या दुकानात माश्या असतात, त्याची कुणी चौकशी करतं का?

मग त्यांनी वर पाहिलं. धुरांड्याच्या तोंडाशी पंखा होता. पात्यांवर कबुतरं बसली होती.

मॅनेजरने त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पंखा गेल्या वर्षी मी बंद करायला लावला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लाज वगैरे काही नव्हती. "घाणा आत लोटताना तो पांढरी वरच्या वर ओढून नेतो. बंद केल्यापासून पोती कमी लागतात. वरून शाबासकी आलीय त्याबद्दल. तुम्हाला कळवलं होतं."

"मला वाटलं दुरुस्तीपुरता."

"आणि त्यानंतर तुम्ही हवा समाधानकारक म्हणून सही केलीत."

जावयांनी हातातली फाइल मिटली.

"मी तुम्हाला दोष देत नाही," मॅनेजर म्हणाला. "मला फक्त एवढंच दिसतंय, की म्हाताऱ्याच्या चष्म्याला दोष आहे असं म्हटलं तर हवेला दोष येतो. हवेला दोष आला की तुम्हाला येतो. त्यापेक्षा त्यांना प्लास्टिकचा चष्मा करून द्या. तपासणीत पास होतील, कामावर येतील, तुमच्या घरातही शांतता. कशाला काही उकरायचं?"

वाईट सूचना देणारे लोक ओरडून बोलत नाहीत, ही एक मोठी अडचण असते. जावयांना ती सूचना पटली. पंखा आपण नंतर, सावकाश, योग्य वेळी चालू करून घेऊ, असंही त्यांनी मनाशी ठरवलं. संध्याकाळी ते चष्म्याची नवी डबी घेऊन सासऱ्याकडे गेले.

मास्तरांनी चष्मा हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं.

"काहीच वजन नाही याला."

"सवय होईल, मामा."

"तज्ज्ञांना सांगून टाकू ना सरळ. हा चष्मा, ही काच, ही अशी खाल्ली गेली. दाखवायला घरात चार आहेत."

"सांगता येईल," जावई म्हणाले. "पण मग हवेचा अहवाल निघेल. त्याच्यावर माझी सही आहे."

मास्तरांनी चष्मा परत डबीत ठेवला.

"म्हणजे माझे डोळे की तुमची सही."

"तसं नाही, मामा. डोळे तर तुमचे चांगलेच ठरणार आहेत."

"तसंच आहे. साखर घालू का चहात?"

आतल्या खोलीत मास्तरीणबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी एक काचेचा पेला जरुरीपेक्षा जोरात ठेवला. फुटला नाही. जावई चहा संपवून गेले तेव्हा त्या बाहेर आल्या.

"लावणार तुम्ही ते?"

"पोरीचं घर आहे गं ते."

"पोरीनंच मला सांगितलंय, बाबांना म्हणावं खरं सांगा."

"तिला म्हणावं, तिचा बाप खरंच सांगणार आहे. समोर जे लिहिलेलं दिसेल तेच वाचणार आहे."

तपासणी मॅनेजरच्या खोलीत झाली. नेत्रतज्ज्ञ, कारखान्याचे डॉक्टर, मॅनेजर, आणि सुरक्षा अधिकारी म्हणून जावई. मास्तरांनी प्लास्टिकचा चष्मा लावला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता होता, तोही न विचारता वाचला. तज्ज्ञांनी यंत्रातून त्यांच्या डोळ्यांत डोकावून पाहिलं, दोनदा पाहिलं.

"या वयात असे डोळे मी क्वचित बघतो," ते म्हणाले. "कोण म्हणालं मंद नजर?"

कारखान्याचे डॉक्टर खिशात पेन शोधू लागले.

"म्हणजे नजरेत काहीही दोष नाही," मॅनेजरने विचारलं.

"अजिबात नाही."

"तबकडीवरचा आकडा यांना दिसत असणार."

"पाच पावलांवरून दिसेल."

"तसं लिहून द्याल?"

तज्ज्ञांनी लिहून दिलं, हस्तांदोलन केलं आणि ते गेले. मॅनेजरने कागद समोर ओढला. वरच्या कार्यालयाला अजून कारण हवं होतं.

"वाईट वाटतं, मास्तर," तो म्हणाला, आणि थोडंसं वाटतही असावं. "डोळे अधू असते तर मी आजारपण म्हणून दाखवलं असतं, मानानं घरी बसवलं असतं. आता तेही करता येत नाही. हवा समाधानकारक आहे, डोळे उत्तम आहेत. मग घाणा बिघडला कसा? उरतो तो माणूस."

जावयांचा चेहरा पाहून कळत होतं, की एवढं पुढचं त्यांनी खरोखरच हिशेबात धरलेलं नव्हतं. रसायनशास्त्रात हे शिकवत नाहीत.

मास्तरांनी जावयांकडे बघितलं. नव्या चष्म्यातून त्यांना जावई फार स्वच्छ दिसले. कपाळावरचा घाम, बोटात फिरणारी अंगठी. जावयांनी नजर चुकवायला खिडकीकडे पाहिलं, पण तावदान दुधी होतं. त्यातून बघण्यासारखं काही नव्हतं.

"बोला काहीतरी," मॅनेजर म्हणाला. तो कुणाला म्हणाला हे नीट कळलं नाही. मास्तर थांबले. जावयांना बोलायला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा त्यांनी दिला, वर थोडा जास्तच दिला.

मग ते म्हणाले, "आकडा मी वाचला. घाणा मीच लोटला."

"लक्ष नव्हतं?"

"तसं लिहा."

निष्काळजीपणा, असं लिहिलं गेलं. मास्तरांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. निरोपाला कामगारांनी एक दिव्याचा गोळा दिला. तो हॉटेलच्या लॉटमधला होता. भंगारातून एक धड उरलेला. देणाऱ्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, गोदामात दुसरं शिल्लकच नव्हतं.

जावई त्यानंतर बरेच दिवस जेवायला आले नाहीत. मुलगी एकटी येई. एकदा ते आले तेव्हा मास्तरांनी त्यांना चहा दिला, हवापाण्याचं विचारलं, आणि पंख्याचं काय झालं ते विचारलं नाही. पंखा अजून बंद आहे.

मास्तरांनी घरी बसल्यावर पहिलं काम केलं ते पुन्हा काचेचा चष्मा करण्याचं. चष्मेवाल्याने नंबर तपासला, तो जुनाच निघाला. मास्तरीणबाई तो चष्मा अजूनही रोज संध्याकाळी धुतात, पण त्याला धुण्यासारखं काही झालेलं नसतं.

पुढे सुरक्षा सप्ताह आला, तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून फाटकावरचा संस्थापकांचा फलक साफ करून घेण्यात आला. 'काच खोटं बोलत नाही' हे आता रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतं. वर बसवलंय ते प्लास्टिक आहे.